दोन आटे

माझ्या एका मैत्रिणीची कार्बनची सायकल आमच्या दुर्गापुऱ्याच्या घराच्या गच्चीवर जोडून होत आली, तेव्हा माझ्या मुलीने ती एका हाताने उचलली. "आई, मतलब, हिला तर काही वजनच नाहीये! तुझी उचलताना खांदा दुखतो."

मी हसले. माझी जुनी सायकल मात्र भिंतीकडे सरकवून ठेवली.

नवऱ्याच्या बदलीमुळे आम्ही नागपूरहून जयपूरला आलो. चाळिशी ओलांडल्यावर मी इथे सायकल चालवायला लागले. पहाटेच्या ग्रुपमध्ये दोन वर्षं मी एकटीच बाई होते. पंक्चर काढणं, तारा बदलणं, ब्रेक जुळवणं, सगळं हट्टाने शिकले. पुढे पुढे तर ग्रुपमधले पुरुषही आपल्या सायकली माझ्याकडे आणू लागले.

मग ती आली. साताऱ्याची, माझ्याहून चौदा वर्षांनी लहान, नवरा फौजेत, राहायला छावणीत. मराठी कानावर पडलं म्हणून मीच तिच्याशी बोलायला गेले होते. पहिलं पंक्चर काढायला तिला मीच शिकवलं. सहा महिन्यांत ती नाहरगडच्या चढावर मला मागे टाकू लागली. वर पोचून थांबायची आणि मी धापा टाकत आले की म्हणायची, "शाबास, ताई!" ती मनापासून म्हणायची. म्हणूनच जास्त लागायचं. ग्रुपमधले लोक आता तिलाच विचारायचे, उद्या किती वाजता निघायचं म्हणून.

त्या रविवारी तिच्या भावाने पुण्याहून पाठवलेला कार्बनचा सांगाडा आणि पुढचं चाक धरणारा चिमटा घेऊन ती माझ्याकडे आली. बाकीचं सामान तिच्या जुन्या सायकलीचंच होतं. सकाळभर बसून आम्ही जोडणी केली. शेवटी पुढचा ब्रेक राहिला.

हा ब्रेक एकाच बोल्टवर असतो. बोल्ट चिमट्याच्या माथ्यातून आरपार जातो आणि मागून नळीसारखा एक नट त्याच्यावर फिरवायचा असतो. कार्बनच्या चिमट्याचा माथा जाड असतो. जुना नट आत गेला, पण बोल्टपर्यंत जेमतेम पोचला. मी फिरवला. एक आटा, दुसरा आटा, आणि नट टेकला. निदान सहा-सात तरी आटे बसायला हवेत. लांब नट आणावा लागणार, हे मला त्याच क्षणी कळलं.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात ती म्हणाली, "ताई, तुम्ही पण कार्बनची घ्या ना. ह्या वयात हलकी सायकल बरी पडते."

तिच्या मनात काही नव्हतं. चहाचा कप हातात धरून ती मजेत बोलत होती. मी पाना उचलला, नट आवळला, ब्रेकची मूठ दाबून पाहिली. चाक थांबलं.

"झालं?" तिने विचारलं.

"झालं."

मी खोटं बोलले नाही, असं मी स्वतःला सांगितलं. ब्रेक लागत होता. मी फक्त गप्प राहिले होते. सायकल खाली उतरवून ती बसली, गल्लीच्या टोकाला तिने वळून हात हलवला आणि छावणीच्या दिशेने निघाली.

मी हात धुवायला गेले. बोटांवरचं वंगण निघेना. साबण लावता लावता डोळ्यांसमोर आलं, की समोर एखादी म्हैस आडवी आली तर ती पुढचाच ब्रेक जोरात दाबेल, आणि दोन आट्यांवरचा तो ब्रेक उपटून निघेल. मीच तिला तसं शिकवलं होतं. फोन केला. वाजत राहिला, तिने उचलला नाही. ओल्या हातांनीच स्कूटर काढली.

ती सापडली सोडाल्याला, सिग्नलच्या पुढे, उसाच्या रसाच्या गाड्यापाशी. सायकल झाडाला टेकवून रस पीत होती. मला पाहून तिचा चेहरा खुलला. "अहो, काय राहिलं माझं?"

"त्या सायकलवर बसू नकोस. पुढच्या ब्रेकचे दोनच आटे बसलेत. नट आखूड आहे."

ती खाली वाकून पाहायला लागली. "बरं झालं, तुमच्या लक्षात आलं."

तिथे थांबता आलं असतं. तिने माझी सुटका करून ठेवलीच होती.

"आत्ता नाही लक्षात आलं," मी म्हणाले. "बसवतानाच कळलं होतं. मी बोलले नाही."

ती सावकाश उभी राहिली. "का?"

"तुझा हेवा वाटतो म्हणून."

रसवाला भैया आमच्याकडे बघत होता. त्याला मराठी कळत नव्हतं, हे बरं. तिने अर्धा ग्लास तसाच गाड्यावर ठेवला, रिक्षा थांबवली आणि सायकल आत आडवी घातली. मी हात लावायला गेले, तर म्हणाली, "राहू दे." एवढंच.

दुसऱ्या दिवशी तिने राजा पार्कातल्या दुकानातून लांब नट आणून ब्रेक स्वतःच बसवला. हे मला ग्रुपमधल्या एकाने सांगितलं. तीन आठवडे ती माझ्याशी बोलली नाही. मी रोज पहाटे ग्रुपबरोबर जात राहिले. घरी बसले असते, तर पुन्हा कधीच गेले नसते.

चौथ्या आठवड्यात चढावर तिने मला गाठलं, पण पुढे गेली नाही. बराच वेळ शेजारून चालवत राहिली. मग म्हणाली, "मला तुमच्या हातांचा हेवा वाटायचा. सगळे तुमच्याकडे सायकली आणायचे ना. म्हणून तर शिकले मी."

ती गिअर बदलून निघून गेली. आता आम्ही बोलतो, हसतो, बरोबर नाश्ता करतो. पण सायकल तिने पुन्हा माझ्याकडे आणलेली नाही, आणि ती वळणाआड दिसेनाशी झाली की मला अजूनही तिचा हेवा वाटतो.