शाळेचा रांजण

शाळेत आले की आबा आधी व्हरांड्यातल्या रांजणात डोकावायचे. पाणी काठोकाठ दिसलं की समाधानाने मान हलवत मला म्हणायचे, "शाळा गावाची हाय, मास्तर. सरकार फकस्त पगार देतं."

घोडेगावच्या अलीकडच्या एका खेड्यात मी शिक्षक होतो आणि आबा शाळा समितीचे अध्यक्ष. जागा आबांनी दिलेली, दगड गावाने वाहिलेले, रांजण रोज आबांच्या विहिरीवरून भरलेला. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. ती हक्काने बोलतात आणि आपण मुकाट्याने ऐकतो.

बाजाराच्या दिवशी निम्मी पोरं गुरांमागे घोडेगावला जायची. म्हणून आबांनी त्या दिवशी सुट्टी ठेवली आणि शाळा रविवारी भरवली. एकदा तपासणीचे साहेब नेमके बाजाराच्या दिवशी आले. शाळेला कुलूप. आबांना बाजारातून बोलावून आणलं, तर ते बैलाची वेसण धरूनच हजर झाले.

"सुट्टी रविवारी असते, आबा. वरचा हुकूम आहे."

"आसंल. पन बैलाला रविवार कळत न्हाई, सायेब."

साहेब हसले आणि निघून गेले. मला आबांचा केवढा अभिमान वाटला होता!

मग एका साली दुष्काळ आला. त्याच साली वरून हुकूम आला आणि नवे हेडमास्तर रुजू झाले. माणूस शांत, अक्षर सुरेख. ते बौद्ध होते. दुसऱ्या दिवसापासून आबा शाळेत येईनासे झाले आणि रांजण कोरडा राहू लागला. का, ते सांगायला कुणी आलं नाही. हेडमास्तरांचा हात रांजणाला लागणार, एवढंच कारण होतं.

मी आबांच्या घरी गेलो.

"आबा, पोरं तहानेनं कासावीस झालीत."

आबांनी हातातली टोपी फिरवली. "माजं काय न्हाई वो. पन गाव न्हाई म्हनतंय. माज्या घरात लेकींची लग्नं व्हायचीत."

"शाळा गावाची ना, आबा?"

"व्हय. म्हनूनच."

मला संताप आला आणि रडूही आलं. बैलाच्या रविवारासाठी ज्यांचा अभिमान वाटला, तेच हे आबा.

हेडमास्तरांनी तालुक्याला अर्जावर अर्ज केले. शेवटी बोअर पाडायचं सरकारी मशीन आलं आणि शाळेच्या अंगणात हापसा बसला. वरच्या हुकमांना मी जन्मभर नावं ठेवली, पण पोरं ओंजळीने पाणी प्यायली तेव्हा मला त्या सरकारचे पाय धरावेसे वाटले.

चैत्रात आबांची विहीर आटली. एका दुपारी ते रिकामी कळशी घेऊन शाळेच्या फाटकाशी उभे दिसले. हेडमास्तर स्वतः उठले, हापशाचा दांडा धरला आणि म्हणाले, "या आबा. शाळा तुमचीच आहे."

आबांनी सुकलेल्या ओठांवरून जीभ फिरवली. पाण्याकडे बघितलं, त्या हाताकडे बघितलं.

"आमची कुठली, गुरुजी. आता सरकारची झाली."

आणि उन्हातून तसेच परत फिरले.

पाऊस पडायच्या आत आबा गेले. त्यांच्या विहिरीचं पाणी मी कितीतरी दिवस प्यायलो होतो. शाळेचं पाणी त्यांना एकदाही पाजता आलं नाही.