पाण्याने शिकलेली हाक

रानतुळशीचा वास आला की मला ती बाई आठवते. कळमेश्वरच्या पुढे, पावसाळा सरताना, नदीकाठाने मी एकटीच धबधब्याकडे निघाले होते. पळसाची पाने तोडत ती माझ्यापुढे चालली होती. प्रत्येक पान ती आधी कपाळाला लावी, मगच टोपलीत ठेवी. अर्जुनाच्या पांढुरक्या फांदीवरून खंड्या निळी रेघ ओढत गेला, तरी तिने मान वळवली नाही. तिचे कान पुढच्या पाण्याकडे होते.

धबधब्याशी पोचताच झाडांतली किरकिर एकाएकी थांबली. मी तिचे नाव विचारले, तर तिने ओल्या बोटांनी माझे ओठच झाकले.

"इथं नाव नाही घेत, बाई. पानी शिकून घेते."

मी हसले. ती हसली नाही.

"माही पोरगी याच डोहात गेली. तवापासून रोज पानी तिच्याच आवाजात मले 'माय' म्हणते."

कोसळत्या पाण्याच्या तळाशी काहीतरी कोवळे होते. ते मी ऐकले, की तिच्या चेहऱ्यावर पाहिले, हे आजही सांगता येत नाही.

"तुम्ही ओ देता?"

"ओ देल्ली तं जा लागते तिच्याकडं. घरी अजून दोन लेकरं हायेत."

तिची टोपली तर वाटेतच भरली होती.

"मग रोज इथवर का येता?"

तिने टोपली खाली ठेवली, पदर कानामागे सारला आणि म्हणाली,

"ऐकाले."