मेंढरांमागच्या बाया

प्रगतीनं सासूला नीट पाहिलं ते लग्नानंतर आठवडाभरानं, एका रविवारी दुपारी. त्याआधी अनसाबाई म्हणजे हळदीच्या गर्दीतला एक हात आणि पदर सावरायला सांगणारा एक आवाज, एवढंच तिच्या लक्षात होतं. मांडवगण फराट्याच्या बाहेर, उसाच्या बांधाला लागून त्यांची वस्ती. सगळं घर टीव्हीसमोर बसलं होतं आणि भाड्यानं आणलेल्या सीडीवर एक जुना काळा-पांढरा पिक्चर चालू होता. नायिका झाडाला टेकून रडत होती. सगळ्यांच्या नजरा तिच्यावर. अनसाबाई मात्र टीव्हीच्या अगदी जवळ सरकून, मान तिरकी करून, पडद्याच्या कोपऱ्यात पाहत होत्या. तिथं, रडणाऱ्या बाईच्या बरंच मागं, विहिरीवर काही बाया पाणी शेंदत होत्या. विहीर गेली तशी अनसाबाईंनी मान सरळ केली. पुढं बाजार आला. मान पुन्हा तिरकी झाली.

प्रगतीला वाटलं, डोळ्यांत काही दोष असावा.

ती दौंडकडची, दहावी झालेली. घरात नवरा माऊली, धाकटा दीर बिरदेव, सासरे गेणबा आणि सासू, एवढीच माणसं. गेणबांची उमर मेंढरांमागं गेली होती. आता चार एकर ऊस-कांदा होता आणि जुनी सवय मोडवत नाही म्हणून गोठ्यात पाच-सहा मेंढ्या. लग्नाच्या आधी माऊलीनं टीव्ही आणि सीडीचं यंत्र आणलं होतं. रविवारचा पिक्चर कोणता, हे मात्र अनसाबाई ठरवत. त्यांना वाचता येत नव्हतं. शनिवारी बाजारहाट उरकून त्या एसटी स्टँडजवळच्या हौसरावच्या दुकानात जात आणि म्हणत, "जुना दे. घरात सासरा-सून एकत्र बसत्यात."

ह्या एका वाक्यानं त्यांचं गावात नाव झालं होतं. मर्यादेची बाई. आजूबाजूच्या वस्त्यांवरच्या बायका हौसरावला सांगत, "अनसाबाईनं न्हेला हुता तो दे, म्हंजी पोरींसंगं बसता येतं." शेजारच्या तुळजाबाई तर पोराबाळांना घेऊन इथंच येत, ओसरी भरून जाई.

बिरदेवला हे मुळीच पसंत नव्हतं. तो एकोणीस वर्षांचा, त्याला मारामारीचे पिक्चर हवे असत.

"आये, ह्यातली समदी मरून गेल्यात," तो म्हणायचा. "एखादं जितं माणूस बघू दे की आमाला!"

"गप बस, मेल्या," तुळजाबाई हसून म्हणत. अनसाबाई हसत नसत.

गेणबा पिक्चरला कधीच थांबत नसत. सीडी आत गेली की ते उठत. "मोटर बघून येतो." मोटरची लाईट त्या दिवसांत रात्री यायची हे वस्तीवरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, पण त्यांना कुणी काही विचारत नसे.

अनसाबाईंच्या गळ्यात काळ्या मण्यांबरोबर चांदीचा एक छोटा टाक होता. त्यावर सोनारानं ठोकून उठवलेली बाई: दोन ठिपके डोळ्यांचे, एक रेघ नाकाची. असा टाक कुणाच्या गळ्यात असतो हे प्रगतीला माहेरापासून माहीत होतं. पहिली बायको गेलेल्या माणसाशी लग्न केलं की दुसरीनं तो घालायचा. तो टाक म्हणजे ती सवत. नवं लुगडं आधी त्याला लावायचं, सणाचा पहिला घास त्याला दाखवायचा, मग आपण जेवायचं. ही पहिली म्हणजे भागुबाई, माऊलीची जन्माची आई. माऊली रांगत होता तेव्हा ती तापानं गेली. पुढच्याच वर्षी अनसाबाई आल्या. माऊली त्यांनाच आई म्हणतो, आणि कुणी भागुबाईचा विषय काढला तर त्याला राग येतो. "मला आई एकच हाय," तो म्हणतो.

पावसाळा सरता सरता प्रगतीला दिवस गेले. त्याच सुमाराला एका शनिवारी ती सासूबरोबर हौसरावच्या दुकानात गेली. अनसाबाईंनी सीडींचे दोन डबे तिच्या हातात दिले आणि हळूच विचारलं, "ह्यात मेंढरं हायेत का, कुठं लिवलंय का बघ."

"काकू, मेंढरांचा पिक्चर कुणी काढलाय व्हय?" हौसराव आतून ओरडला. "हिरो बसलाय का हिरवीन बसली, एवढंच मला ठावं!"

परत येताना, कॅनॉलच्या पुलावर दम खायला बसल्यावर, प्रगतीनं विचारलं, "आत्या, मेंढरं कशाला?"

अनसाबाईंनी पदराखालचा टाक बाहेर काढला.

"भागी सिनेमात हाय," त्या म्हणाल्या.

भागुबाई गेली त्याच्या दोनेक वर्षं आधी वडगाव रासाईच्या अलीकडं, भीमेच्या उतारावर, सिनेमाची माणसं आली होती. मेंढरांचे दोन-तीन वाडे, म्हणजे कळप आणि त्यांच्यामागची बिऱ्हाडं, त्या वेळी नदीकाठाला उतरले होते. सिनेमावाल्यांना कळप पाण्यातून न्यायचा होता. वेगवेगळ्या वाड्यांतल्या बायांना त्यांनी मेंढरांमागं चालायला लावलं, त्यांत भागुबाई. ही हकिकत अनसाबाईंना त्यांच्या सासूनं सांगितली होती. ती म्हातारी केव्हाच गेली. पिक्चरचं नाव तिलाही माहीत नव्हतं.

"फोटू न्हाई का त्यांचा?"

"मेंढरामागं हिंडणाऱ्या बाईचा फोटू कोण काढतंय? त्या सिनेमावाल्यांनीच काढला असंल तेवढा." अनसाबाईंनी टाक पदराखाली सारला. "माझं पैलं लेकरू बारशाआधी गेलं, प्रगती. सासू म्हणली, भागी नाराज हाय तुझ्यावर, तिला नीट खाऊ घाल. तवापास्नं घालतीया. बिरदेव जगला. पर त्या पैल्या लेकराचं मनातनं जात न्हाई. मला तिचं तोंड बघायचंय एकदा. लेकरू न्हेणाऱ्या बाईचं तोंड हाय का, तेवढंच."

"मामांना इचारायचं, कशा दिसायच्या म्हणून."

"इचारलं हुतं, नवी हुते तवा. उठून गेले. आजपातूर उठून जात्यात."

प्रगतीचा हात आपोआप पोटाशी गेला. अनसाबाईंनी ते पाहिलं आणि मान दुसरीकडं वळवली.

त्यानंतर प्रगतीही कोपऱ्यात पाहू लागली. पुढं नायक गात असे आणि मागून कुणी बैल हाकत जाई. कुणी दारात उभं असे. पोर कडेवर घेतलेली एखादी बाई काय चाललंय म्हणून थांबे आणि निघून जाई. ह्यांची नावं शेवटी पाटीवर येत नसत. ही माणसं आता कुठं असतील, असं तिला वाटे. आणि बिरदेवचं ते 'समदी मरून गेल्यात' आठवून भर दुपारी तिच्या अंगावर काटा येई. जुने पिक्चर तिला आता सहन होत नव्हते, आणि एकही चुकवता येत नव्हता.

थंडीत एका रविवारी ते दृश्य आलं. हौसरावनं शिरूरच्या कुठल्या तरी दुकानाचा जुना माल उचलला होता, त्यातली ही सीडी. दुसऱ्या तबकडीत नदी होती. नायक आणि नायिका खडकावर बसून बोलत होते, तो शहरात जायचं म्हणत होता. त्यांच्या मागून मेंढरं उताराला लागली आणि पाण्यात शिरली. कळपामागं तीन बाया. पुढची डोक्यावरचं गाठोडं सावरत खाली मान घालून गेली. मधलीनं एका मेंढीला पुढं ढकललं आणि चौकटीबाहेरच्या कुणाकडं तरी पाहून हसली. मागची थांबली. तोंड उघडून तिनं मेंढरांना हाक घातली. पण ऐकू येत होतं ते नायकाचं बोलणं. मग तिनं वळून सरळ समोर पाहिलं, ओसरीवर बसलेल्या सगळ्यांकडं पाहावं तसं.

अनसाबाईंनी प्रगतीचं मनगट धरलं. "बिरू, थांबीव!"

"काय झालं, आये?"

"आबांना बलव. पळ."

बिरदेवनं सासूसुनेची तोंडं पाहिली आणि निमूट धावला. गेणबा आले ते उंबऱ्यातच उभे राहिले, पायाला उसाच्या सरीतला चिखल. माऊली बाजेवर उठून बसला होता.

बिरदेवनं तो तुकडा परत लावला. मेंढरं पुन्हा पाण्यात शिरली.

"ह्यातली कोणती?" अनसाबाईंनी विचारलं.

गेणबा पाहत राहिले. "परत लाव." पुन्हा लावलं. "मधली... न्हाई. मागची असंल."

"असंल म्हंजी? बायकू तुमची!"

"मी न्हवतो तिथं. चारा बघाया पुढं गेलो हुतो."

"तिथं नसाल. घरात हुता का न्हाई?"

गेणबा उंबऱ्यावर बसले. "अनसे, तिचा आवाज याद हाय मला. मेंढरांला हाक घालायची ती लय लांबनं वळखू यायची. तोंड न्हाई याद." त्यांनी पडद्याकडं बोट केलं. "ह्यात हाक आयकू आली असती, तर सांगितलं असतं."

टीव्हीवर नायक शहराबद्दल बोलतच होता. तुळजाबाईंनी पोरांना उठवलं आणि त्या घरी गेल्या. इतके दिवस सासरे दुःखानं उठून जातात, असं प्रगती समजत होती. ते ह्या एका प्रश्नाला भिऊन उठत होते.

माऊली पडद्याकडं पाहत होता. मग त्यानं आईकडं पाहिलं. भागुबाईचं नाव काढलं की रागावणारा माणूस, त्याचा आवाज लहान झाला. "आई, कोणती गं?"

"मधली," अनसाबाई लगेच म्हणाल्या. "ती हसती ती. दात बघ की तिचं, तुझ्यावानीच हायेत."

चित्र इतकं पुसट होतं की हसणं तेवढं कळत होतं; दात सोडा, नाकडोळेही नीट दिसत नव्हते. "परत लाव," माऊली बिरदेवला म्हणाला. बिरदेवनं न कुरकुरता चार वेळा लावलं. मग माऊली उठून हौदावर गेला आणि बराच वेळ तोंड धुत राहिला.

पुढच्या आठवड्यात दोघी कांद्याच्या रोपाला खुरपत होत्या. अनसाबाई वर न पाहता म्हणाल्या, "मधली म्हणले ती माऊलीसाठी. पोराला हसरी आई असावी."

"आन् खरी?"

"मला काय ठावं? पर माझ्याकडं बघितलं ते मागचीनं."

"रागानं?"

"न्हाई गं. वाट चुकल्यालं माणूस बघतं का, तसं." खुरपं थांबलं. "असली बाई लेकरू न्हेत न्हाई. एवढी वरसं तिच्यावर आळ घेतला मी." त्यांनी कांद्याचं एक उपटलेलं रोप परत मातीत दाबलं. "मग कुणी न्हेलं?"

संध्याकाळपर्यंत त्या शेजारशेजारच्या वाफ्यांत खुरपत राहिल्या. सीडी हौसरावकडं परत गेली. त्यानंतर अनसाबाई दुकानाची पायरी चढल्या नाहीत. रविवारचा पिक्चर बिरदेव आणू लागला. उन्हाळ्यात प्रगतीला मुलगी झाली, मोनिका. बारसं होईपर्यंत अनसाबाई बाळंतिणीच्या खोलीच्या दारात आडव्या पडत, आणि आत-बाहेर जाणाऱ्या प्रत्येकाला त्यांना ओलांडावं लागे.

गेणबा गेल्याला आता दोन वर्षं झाली. अनसाबाई यवतला बिरदेवकडं असतात. हायवेला त्याचं पंक्चरचं दुकान आहे; दुपारी तो जेवायला गेला की दुकानात त्या बसतात, आणि रस्त्यानं मेंढरं गेली की मागून चालणारी बाई दिसेनाशी होईपर्यंत मान वळवून पाहतात.