पेनाचा दोष

आमच्या घरात हात कधी थरथरत नाही. पेन वाईट असतं.

माझे यजमान महाडच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. निवृत्त झाल्यावर कुडपणला, म्हणजे आमच्या गावी, नवं सभागृह बांधायचं ठरलं आणि फरशीची नक्षी यांच्याकडे आली. एकमेकांत गुंतलेले आठ टोकांचे तारे. मुंबईकर मंडळी म्हणाली, कंप्युटरवर काढून घेऊ. हे म्हणाले, "मी जिवंत हाय तोवर गावाची नक्षी हातानंच निघेल." जन्मभर त्याच हातावर जगलेला माणूस, माघार कशी घेणार?

पहिला दोष पेन्सिलीच्या शिशाचा निघाला. एचबी मऊ, फिसकटतं. टू-एच आणलं, तर ते कागद ओरबाडतं. पॉइंट थ्रीचं बारीक शिसं टेकवताक्षणी मोडायचं. मग पेनांची पाळी आली. जेलपेन शाई ओकतं, बारीक टोकाचं अडखळतं. बाजारपेठेतला स्टेशनरीवाला यांना पाहिलं की आपणहून नवा डबा उघडू लागला. पट्टीला लावूनही प्रत्येक पेनाची रेघ सारखीच नागमोडी यायची. पण तसं म्हणायची या घरात कोणाची छाती?

शेवटी आळ कागदावर आला. श्रावणात आमच्याकडे कागद पापडासारखा सादळतो, हे खरंच आहे. म्हणून यांनी कागदांची गुंडाळी वरंधला माझ्या वहिनीकडे नेऊन चुलीवरच्या माळ्यावर सुकत ठेवली. आठवड्याने कागद खडखडीत होऊन आले, तांबूस रंगाचे आणि शेजारी ठेवलेल्या सुकटीच्या वासाचे. मांजर टेबलाखालून हलेना. रेघ मात्र होती तशीच.

"पेनच," हे म्हणाले. एरवी मला हसू आलं असतं, त्या दिवशी रडू आलं. "तू बघ ओढून."

मी पट्टी धरली, रेघ ओढली. सरळ आली. यांचा चेहरा बघवेना. म्हणून दुसरी ओढताना मी हात जरा हलवला आणि म्हटलं, "खरंच हो, पेनच भिकार आहे."

यांनी त्या रेघेवरून बोट फिरवलं. मग खुर्चीतून उठले.

"मुद्दाम हलवलेला हात कळतो गो. माझा असा नाय हलत. बस इथं. मी सांगतो, तू ओढ."