आम्हाला वाटलं, अंगात आलं

आमच्या घरात देवी माझ्या एकटीची. आमचे हे घाटंजीत पिठाची गिरणी चालवतात, आणि देवळात कोणाच्या अंगात आलं की घरी येऊन त्याची नक्कल करून दाखवायचे. वर मलाच विचारायचे, "तुह्या देवीले दुसरं काही काम नाही काय व?" मी चिडायची, भांडायची. पण खोटं कशाला सांगू, त्यांचं ऐकून ऐकून माझ्याही मनात पाल चुकचुकायला लागली होती. आई खरंच येते का, की आपणच वेड्यासारखे हात जोडतो?

त्या नवरात्रात माझ्या हट्टापायी ते संध्याकाळच्या आरतीला आले. ढोल जोरात होता, बाया घुमत होत्या. आरती रंगात आली आणि ह्यांनी एकदम हातपाय झटकले, घशातून कसलासा आवाज काढला आणि खाली कोसळले. "आली! आई आली!" पुजारी महाराज ओरडले. कोणी कपाळाला कुंकू फासलं, कोणी पायाशी नारळ ठेवला. आणि मी? मला आनंद झाला हो! बरी जिरवली आईनं, असंच वाटलं. मीही त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं.

तेवढ्यात गर्दीतून एक अनोळखी बाई पुढे आली. उमरखेडची, यवतमाळची बस चुकली म्हणून पाणी प्यायला देवळात शिरलेली. तिनं ह्यांच्या मानेला बोटं लावली, नाकापुढे हात धरला. "ताई, मी नर्स आहो. अंगात आलेलं मानूस दम तं घेते ना! हे दम नाही घेऊन राह्यले." ती छाती दाबायला वाकली, तोच महाराजांनी तिचा हात धरला. "देवी आलेल्या मानसाले हात लावू नोको! कोप होईन." सगळे माझ्याकडे बघायला लागले. मूर्तीकडे बघून मी म्हटलं, "आई, तू असशीन तं शिक्षा मले दे, त्याईले सोड." आणि महाराजांना बाजूला ढकललं. "दाबा ताई, दाबा!"

सरकारी दवाखाना देवळामागच्याच गल्लीत. प्रसादाच्या हातगाडीवर ह्यांना घातलं, आणि गाडी पळत असतानाही ती बाई दाबतच होती. आत नेल्यावर दार उघडंच राहिलं. छाती दाबणं चालू, आणि मधूनमधून डॉक्टर म्हणायचे, "ॲड्रेनलिन द्या." परत दाबणं, परत तेच. मला एक स्तोत्र आठवेना. लहानपणापासूनची आरतीसुद्धा आठवेना. ओठांवर डॉक्टरांचा तो एकच शब्द बसला, ॲड्रेनलिन. अर्थ ठाऊक नसताना मी तोच जपत राहिले. माझा हट्ट, भांडणं, शंका, काही म्हणजे काही उरलं नव्हतं. शेवटी आतून आवाज आला, "नाडी लागली!" मी तिथंच फरशीवर बसून ढसाढसा रडले.

नंतर डॉक्टरांनी समजावलं, "ॲड्रेनलिन आपल्या शरीरात असतंच, घाबरलं की सुटतं. थांबलेलं हृदय सुरू व्हायला मदत म्हणून आम्ही ते वरून देतो. पण त्यानं सगळेच वाचत नाहीत, बाई. लगेच छाती दाबली गेली, हे तुमचं भाग्य." मी त्या बाईच्या पाया पडायला वळले, तर ती पुढची बस गाठायला निघून गेलेली. नावसुद्धा विचारायचं राहिलं. अजून चुटपुट लागते.

यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यातून हे सुखरूप घरी आले. फासळ्या बरेच दिवस दुखत होत्या. "तुह्या देवीनं लय हानलं व मले," म्हणायचे, आणि मी हसता हसता डोळे पुसायची.

आई येते का, हे आता मी विचारत नाही. तिनं कोणत्या रूपानं यावं, हे ठरवणारी मी कोण? आरतीत कोणी पडलं की मी आजही पाया पडायला पुढे होते. पण आधी त्याच्या नाकापुढे हात धरते. श्वास हाताला लागला, की मग डोकं टेकते.