विमानाचा सव्वा तास

फोनवर 'नागपूर ते हैदराबाद, विमानाने सव्वा तास' असं दिसलं, आणि मी तेवढ्यालाच अख्खा प्रवास समजले. आमचे हे सांगून राह्यले होते, "अवं, हैदराबाद खाली, नागपूर वर. तू उलटी काऊन चालली? मुकाट्यानं बस धर." मी म्हटलं, "तुमी बसा बसमध्ये." तेव्हाची ती शहाणी आठवली की आजही हसू येतं. आमच्या गावाहून, बेल्याहून, उलटं वर नागपूर गाठेपर्यंत सकाळ सरली, दुपार विमानतळावर बसून गेली, आणि मग कळलं की विमान आमच्याच कापसाच्या वावरावरून परत खाली जाणार!

हैदराबादेत लेक दवाखान्यात होती. संध्याकाळी तिच्या हृदयाचं ऑपरेशन. जावई तिच्यापाशी, त्यामुळे मला न्यायला कोणी येणार नव्हतं. तिला आत नेण्याआधी एकदा तोंड दाखवायचं, एवढंच मनात होतं. विमान उतरायचं सोडून ढगांत घिरट्या घालायला लागलं तशी मी बासरच्या कुंकवाची पुडी घट्ट धरली. म्हटलं, सरस्वतीमाय, कोणाला तरी पाठव.

तेवढ्यात शेजारच्या बाईनं विचारलं, "मावशी, कुठं जाता?" दवाखान्याचं नाव ऐकून म्हणाली, "माझी गाडी येऊन राह्यली, सोडते तुमाले. मी तुमच्याकडचीच, बासरजवळच्या मुधोळची."

झालं! मला संशय आला. लुटणारी बाई आपल्याच भागातली निघते, नाहीतर आपण फसू कशाला? मी विमानाच्या संडासात गेले आणि साबण लावून सोन्याच्या पाटल्या काढल्या. पुढं काचेच्या बांगड्या होत्या, त्याही काढाव्या लागल्या. सगळं बटव्यात, बटवा पोलक्यात. गाडीत तिनं पाणी दिलं, ते नुसतं ओठाला लावलं. विमानतळापासून शहर इतकं लांब असतं, हे काही फोननं सांगितलं नव्हतं. मला वाटलं, ही मुद्दाम फिरवते. गाडी वळली की मी दाराची कडी चाचपायची.

तिनं मात्र थेट दवाखान्यात आणलं, जिना दाखवत खोलीपर्यंत आली. लेकीला कुंकू लावता आलं. ती आज माझ्यावर ओरडण्याइतकी ठणठणीत आहे. बसनं गेले असते तरी वेळेत पोचले असते, असं हे अजून ऐकवतात. असेल. पण सरस्वतीमायकडं माणूस मागितला ती मी, आणि आलेल्या माणसाची रस्ताभर झडती घेतली तीही मीच. तिच्यावर सोडायचं म्हणजे तिनं धाडलेल्यावरही सोडायचं, एवढं मला त्या खोलीच्या दारात कळलं. मी आत धावणार, तोच त्या बाईनं माझं मोकळं मनगट धरलं. तिला सगळं दिसलं होतं, विमानातच. रागावली नाही. हळूच म्हणाली,

"मावशी, बांगड्या घाला पहिले. असे हात पाह्यले, तर लेकीले वाटन, बाप गेला."