जामीनदार हवा

कोर्टाने जामीन दिलेला असतो, पण जामीनदार मिळत नाही म्हणून माणूस जेलमध्येच राहतो. अशांसाठी जामीनदार शोधायचा, हे आमच्या महिला गटाचं काम. एकदा वागळे इस्टेटमधला एक वेल्डर चार महिने तसाच अडकलेला. घरचे सगळे गावाला. मी दारोदार फिरले. चहा सगळ्यांनी पाजला, पण जामिनाला लागणाऱ्या रेशनकार्डाचं नाव काढलं की प्रत्येकाला काहीतरी काम आठवायचं. शेवटी माझं डोकं फिरलं. चहाच्या टपरीवर सगळ्यांदेखत ओरडले, "ड्रिल मशीन चोरल्याचा नुसता आरोप आहे त्या वेल्डरवर! जामीन राहायची एकाचीही हिंमत होत नाही?"

बाकावरचे एक काका उठले. "तो अजून आत आहे?" मग म्हणाले, "कागद काय काय लागतात, ताई?"

दुसऱ्या दिवशी आम्ही सहाजणी लग्नाला निघाल्यासारख्या ठाणे कोर्टात हजर. काका रेशनकार्ड आणि घरपट्टीची पावती घेऊन आधीच आलेले. आनंदाने मला एका जागी बसवेना. क्लार्कने फॉर्म भरता भरता विचारलं, "आरोपी तुमचा कोण लागतो?"

"माझ्या वर्कशॉपमध्ये कामाला होता. तक्रार मीच केलेली."

क्लार्कचं पेन थांबलं. आम्ही सहाजणी काकांकडे वळलो.

काकांचा आवाज चढला. "अहो, मला माझं मशीन परत हवं होतं. माणूस गायब करायला कोणी सांगितलेलं?"